बर्फ नसलेल्या दिवसांची फळी

जे खेळ ऋतूच्या कृपेवर जगतात त्यांच्या इतिहासांत एक चमत्कारिक गोष्ट वारंवार आढळते. खेळ ऐन भरांत असतो तेव्हां त्याच्या साधनांत फारसा फरक पडत नाहीं. फरक पडतो तो खेळ बंद असतो त्या महिन्यांत. तळीं गोठेनाशीं झालीं, समुद्राच्या लाटा मंदावल्या, डोंगरावरचें बर्फ वितळलें, म्हणजे खेळाडू स्वस्थ बसत नाहीं. त्याचे पाय शिवशिवूं लागतात आणि घरांतील फळी, जुनें चाक, रबराचा तुकडा, जें हातीं लागेल तें जमवून तो गेलेल्या ऋतूची नक्कल करूं पाहतो. युरोप-अमेरिकेंत जिला लाँगबोर्ड म्हणतात ती चार चाकांची लांब फळी अशाच नकलांच्या परंपरेंतून जन्मास आली आहे. हिंवाळ्यांत स्नोबोर्डवर उभें राहून बर्फाच्या उतारावर वळणांमागून वळणें कोरीत उतरणारे लोक उन्हाळ्यांत तीच वळणें डांबरी रस्त्यावर घेतां यावींत म्हणून या फळीची मोठ्या निगुतीनें जुळणी करतात. या वळणें कोरण्यालाच ते कार्व्हिंग म्हणतात.

हा विषय नाशिक जिल्ह्यांतील हरसूलकडे पाहत मांडावा, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटेल. हरसूल हें त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या पश्चिम अंगाचें, गुजरातच्या सीमेकडील बाजाराचें गांव. भोंवतालीं कोकणा, वारली, महादेव कोळी यांचे पाडे. शेतांत भात, नागली, वरई. आणि पाऊस असा कीं चार महिने ओढ्यानाल्यांचाच आवाज कानांत राहावा. तेथें बर्फ पाहावयाचें तर जत्रेंतल्या गोळेवाल्याच्या रंध्याखालचें. परंतु उतार मात्र तेथें वाटेल तितका आहे. सह्याद्रीचा माथा ओलांडून नाशिककडचा रस्ता या मुलखांत उतरतो तो वळणें घेतच उतरतो. तेव्हां ज्याच्यापाशीं उतार आहे पण बर्फ नाहीं, पूर्वीं नव्हतें आणि पुढेंहि असणार नाहीं, अशा माणसानें ही फळी कोणाच्या आठवणीनें जुळवावी, असा प्रश्न उत्पन्न होतो. त्याचें उत्तर दुकानदाराच्या सूचीपत्रकापेक्षां इतिहासांत अधिक चांगलें सांपडतें.

त्या इतिहासाचा आरंभ बहुतेक लोक कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरून करतात. माझ्या मतें तो त्याहून दोनशें वर्षें मागें जातो. बेल्जममधील हुई गांवीं जन्मलेला जॉन जोसेफ मर्लिन हा कुशल यांत्रिक १७६० सालीं लंडनला आला. घड्याळें, वाद्यें, चालतीं बाहुलीं असें नाना प्रकारचें काम त्याच्या हातून होत असे. बर्फावर घसरण्याच्या बुटांना पात्यांऐवजीं चाकें लावून एके रात्रीं सोहोमधील कार्लाइल हाऊसच्या मेजवानींत तो सारंगी वाजवीत घरंगळत शिरला, आणि वळतां येईना व थांबतांहि येईना म्हणून समोरच्या भल्या मोठ्या आरशावर जाऊन आदळला, अशी हकीकत सांगतात. आरशाची किंमत पांचशें पौंडांहून अधिक होती, हा तपशील कथेच्या रंगासाठीं असूं शकेल. परंतु कथेंतील यांत्रिक मर्म अगदीं खरें आहे. चाक माणसाला पुढें नेतें. तें त्याला वळवीत नाहीं. बर्फावर पातें तिरकें केलें कीं तें आपोआप वळण घेतें, कारण त्याची धार बर्फांत रुततें तेथें वाट कापीत जाते. ताठ आंसावर बसविलेल्या चाकाला अशी धार नसते. म्हणून मर्लिननें नक्कल केली ती बर्फाच्या वेगाची. वळणाची नक्कल त्याला साधली नाहीं, आणि आरसा फुटला.

पुढची शंभर वर्षें हीच अडचण राहिली. १८४९ सालीं पॅरिसमध्यें मायरबेअर याच्या 'ल प्रोफेत' या संगीतनाटकांत गोठलेल्या तळ्यावरील नृत्याचा प्रवेश होता. तो नटांच्या पायांत चाकें बांधून साजरा करण्यांत आला. प्रेक्षकांनीं त्या दृश्याचें कौतुक केलें. पण रंगभूमीवर वाट ठरलेली असते, ती चुकविण्याचें कारण पडत नाहीं. उघड्या जगांत ती पदोपदीं पडतें.

अडचण सोडविली ती न्यूयॉर्कच्या एका फर्निचरवाल्यानें. जेम्स लेनर्ड प्लिम्टन याला प्रकृतीसाठीं बर्फावर घसरण्याचा व्यायाम मानवला होता, आणि बर्फ तर उन्हाळ्यांत मिळत नसे. दुधाची तहान ताकावर भागवावी या न्यायानें त्यानें चाकांचा मार्ग धरला. परंतु ताक तरी चांगलें असावें असा त्याचा आग्रह होता. ६ जानेवारी १८६३ रोजीं त्याला जें पेटंट मिळालें त्यांतील कल्पना सांगावयास सोपी आहे. चाकें दोन दोनच्या जोड्यांनीं पुढें व मागें लावावींत. प्रत्येक जोडीचा आंस बुटाच्या तळाला ताठ न जोडतां तिरक्या खुंटीवर फिरता ठेवावा. आणि मध्यें रबराची गादी द्यावी. आतां पाय डावीकडे कलला कीं पुढचा आंस डावीकडे वळतो, मागचा उलट बाजूस वळतो, आणि माणूस कमानींतून जावा तसा वळणांतून जातो. पाय सरळ केला कीं रबराची गादी आंसाला पुन्हां मूळ जागीं आणते. माणसानें कलावें आणि चाकानें वळावें, हा संबंध प्रथम येथें जुळला. आज लाँगबोर्डच्या पोटाखालीं जो लोखंडी सांधा असतो, ज्याला ते लोक ट्रक म्हणतात (आपल्याकडील मालमोटारीशीं त्याचा संबंध नाहीं), तो प्लिम्टनच्या याच सांध्याचा वंशज होय.

प्लिम्टननें १८६६ सालीं न्यूपोर्टच्या एका हॉटेलाचें भोजनगृह भाड्यानें घेऊन त्यांत आपलें मैदान केलें, आणि हा खेळ सभ्य स्त्री-पुरुषांनीं एकत्र खेळण्यास योग्य आहे हें लोकांच्या मनावर ठसविलें. दहाएक वर्षांत इंग्लंडांत या खेळाचें वेड इतकें बोकाळलें कीं त्याला वेड याच अर्थाचें नांव मिळालें. नकला करणारेहि निघाले, आणि १८७६ सालचा प्लिम्टन विरुद्ध माल्कमसन हा खटला पेटंटच्या कायद्यांत आजवर उल्लेखिला जातो. त्याच वर्षीं लंडनमध्यें यंत्रानें गोठविलेल्या बर्फाचें मैदानहि चालूं झालें. म्हणजे बर्फाची नक्कल पूर्णत्वास पोंचते न पोंचते तोंच उन्हाळ्यांत खरें बर्फ करण्याची युक्ति निघाली. तरीहि चाकें मेलीं नाहींत. जें केवळ उणीव भरून काढण्यासाठीं जन्मलें तें उणीव नाहींशी झाल्यावर नाहींसें व्हावयास पाहिजे होतें. तें झालें नाहीं, ही या इतिहासांतील पहिली लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट.

आमच्या देशाचा बर्फाशीं संबंध त्या काळीं व्यापाराचा होता. १८३३ सालीं बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनें तळ्यांतून कापलेलें बर्फ जहाजानें कलकत्त्यास पाठविलें, आणि पुढें मुंबईच्या श्रीमंतांच्या मेजावरहि अमेरिकेचें बर्फ दिसूं लागलें. त्यावर उभें राहण्याची कल्पना कोणाला सुचली नाहीं, हें ठीकच झालें. सिमल्यास १९२० पासून रात्रीच्या थंडीनें गोठणारें उघडें मैदान आहे. पण तें हिमालयाचें देणें, सह्याद्रीचें नव्हे.

चाकाच्या पोटांत गोळ्या आल्या त्या १८८४ नंतर, लेव्हंट रिचर्डसन याच्या पेटंटानें. तेव्हांपासून चाकें इतकीं मोकळीं फिरूं लागलीं कीं प्रश्न चालण्याचा न राहतां आवरण्याचा झाला. याचें महत्त्व पुढें कळेल.

आतां समुद्राकडे वळूं. १९५० च्या आसपास कॅलिफोर्नियांतील पोरांनीं बुटांच्या चाकांच्या जोड्या उपसून लाकडी फळ्यांना खिळ्यांनीं ठोकल्या. लाटा नसतील त्या दिवशीं पदपथावर लाट खेळावी, एवढाच त्यांचा हेतु. त्या चाकांच्या जोड्यांबरोबर प्लिम्टनचा तिरका सांधा व रबराची गादी हीं फळीखालीं अनायासें आलीं. उन्हाळ्यांतील बर्फासाठीं काढलेली युक्ति लाटेच्या उपयोगीं पडली. १९६३ सालीं हर्मोसा बीच येथील एका शाळेच्या आवारांत स्पर्धा झाल्या, दुकानांतून फळ्या विकल्या जाऊं लागल्या, आणि दोन वर्षांत सगळा डोलारा कोसळला. कारण चाकांचें होतें. तीं मातीच्या भाजलेल्या कठीण लगद्याचीं असत. लहानसा खडा आडवा आला कीं चाक जागच्या जागीं थबके आणि फळीवरचा पोर तोंडावर पडे. कित्येक शहरांनीं या खेळाला बंदी केली, आणि ती करणाऱ्यांना मी दोष देणार नाहीं.

हा खेळ पुन्हां उठला तो १९७३ च्या सुमारास. फ्रँक नॅसवर्दी या तरुणानें व्हर्जिनियांतील एका कारखान्यांत बुटांसाठीं बनविलेलीं युरिथेन नांवाच्या लवचिक पदार्थाचीं चाकें पाहिलीं आणि तीं फळीला लावलीं. हें चाक खडा गिळतें. त्याहून महत्त्वाचें म्हणजे तें रस्त्याला चिकटून धरतें. माणूस जोरानें कलला तरी चाक निसटत नाहीं, आणि मग प्लिम्टनच्या सांध्याचा खरा कस लागतो. सांधा १८६३ चा, गोळ्या १८८४ च्या आणि चाक १९७३ चें : आजच्या फळीचीं हीं तीन अंगें अशीं शंभरांवर वर्षांच्या अंतरानें, तीन निरनिराळ्या कारणांनीं जमलेलीं आहेत.

बर्फाची हकीकत याच सुमारास याला येऊन मिळते, आणि ती उलट्या दिशेनें येते. १९६५ च्या नाताळांत मिशिगनमधील मस्कीगन गांवीं शर्मन पॉपेन यानें मुलींच्या करमणुकीसाठीं बर्फावर घसरण्याच्या दोन पट्ट्या एकमेकींस जोडल्या. त्यावर उभें राहून उतरणें लाट खेळल्यासारखें दिसलें म्हणून त्याच्या पत्नीनें त्याला स्नो व सर्फ या दोन शब्दांची सांगड घालून स्नर्फर असें नांव दिलें. त्याच्याहि आधीं, १९६३ सालीं, न्यू जर्सीतील टॉम सिम्स नांवाच्या शाळकरी मुलानें सुतारकामाच्या वर्गांत एक फळी केली होती. त्याचें कारण ऐकण्यासारखें आहे. चाकांच्या फळीचें त्याला वेड होतें, आणि हिंवाळ्यांत रस्ते बर्फाखालीं जात. बर्फ हाच त्याचा खंडाचा काळ! त्या काळासाठीं त्यानें चाकांवांचूनची फळी केली. पुढें हाच सिम्स कॅलिफोर्नियांत जाऊन लांब चाकफळ्या वापरणाऱ्यांत अग्रेसर झाला आणि बर्फावरील फळ्यांचाहि कारखानदार झाला. १९७७ सालीं व्हरमाँटमध्यें जेक बर्टन कार्पेंटर यानें फळ्या बनविण्यास आरंभ केला. घसरण्याच्या बहुतेक डोंगरांवर या लोकांना प्रथम मज्जावच होता. १९८३ मध्यें व्हरमाँटच्या स्ट्रॅटन डोंगरानें दार उघडलें, आणि १९९८ सालीं जपानांतील नागानो येथें स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्यें गेला.

म्हणजे पाहा : बुटांवरचीं चाकें ही बर्फाची नक्कल, चाकांची फळी ही लाटेची नक्कल, बर्फावरची फळी ही लाटेची व चाकफळीची नक्कल, आणि १९९० नंतर लाँगबोर्ड पुन्हां पुढें आला तो पुष्कळांच्या हातीं बर्फावरच्या फळीची नक्कल म्हणून. सॅन डिएगोजवळ सेक्टर नाइन ही लांब फळ्यांची कंपनी १९९३ सालीं निघाली. कोलोराडोंत त्याच सुमारास बर्फ वितळल्यावर त्याच डोंगरांच्या गवतावरून उतरण्यासाठीं हवेच्या जाड चाकांची फळी निघाली. व्हेनिस बीचवर नील कार्व्हर व ग्रेग फॉक यांनीं उन्हाळ्यांत लाटा मेल्या म्हणून पुढच्या आंसाला आणखी एक बिजागरी देऊन फळी अधिक वळती केली. या सगळ्यांत मूळ कोणतें आणि नक्कल कोणती, हें ठरविण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. सांपडतो तो एकच धागा : आपला ऋतु संपला म्हणून कोणी तरी अस्वस्थ झालेला माणूस, आणि कलण्याचें वळणांत रूपांतर करणारा तो तिरका सांधा.

आतां जुळणीकडे. बर्फावरून आलेला माणूस लाँगबोर्ड जुळवितांना काय करतो? बर्फावरील त्याची फळी दोन्ही टोकांशीं रुंद व कमरेशीं निमुळती असते. ती कडेवर कलविली कीं तिची कमानदार कड बर्फांत रुतते व त्या कमानीचें वर्तुळ ती आपोआप आंखीत जाते. वर्तुळाचा आंकडा फळीच्या आकारांतच गोठवून ठेवलेला असतो. चाकफळीच्या आकारांत तसें कांहीं नसतें. तेथें वर्तुळ ठरतें तें सांध्याच्या तिरपेपणावरून. खुंटी जमिनीशीं पंचेचाळीस अंशांचा कोन करीत असेल तर फळी जितकी कलते जवळजवळ तितकाच आंस वळतो; कोन वाढविला तर थोड्या कलण्यांत अधिक वळण मिळतें, कमी केला तर उलट. म्हणून हे लोक पन्नास अंशांची बैठक घेतात, आणि वेग हवा असणारे चव्वेचाळीस किंवा त्याहून कमी अंशांची. आंसाची रुंदी बहुधा १८० मिलिमीटर. कित्येक जण मागचा आंस पुढच्यापेक्षां कमी वळता ठेवतात. पुढच्यानें वाट दाखवावी आणि मागच्यानें सांभाळावी, ही वांटणी बैलगाडीच्या जुवाला माहीत असलेलीच आहे.

यानंतर गादी. प्लिम्टनचें खरें शहाणपण या रबराच्या तुकड्यांत आहे, आणि नवशिके दुर्लक्ष करतात तें नेमकें त्याच्याकडेच. मधला बोल्ट आवळून फळी ताठ करणें आणि सैल करून मऊ करणें हा त्यांचा उपाय. परंतु आवळलेली मऊ गादी ही कठीण गादी नव्हे, ती चिरडलेली गादी होय. गादी माणसाच्या वजनावरून निवडावी लागते. साठ किलोच्या माणसाला जी साथ देते ती ऐंशी किलोच्या माणसाखालीं दबून जाते आणि वळणाच्या शेवटीं त्याला परत उचलीत नाहीं. हें परत उचलणें म्हणजेच या खेळांतील सुख. बर्फावरच्या माणसाला एका वळणांतून दुसऱ्यांत जातांना फळीचा जो उछाल लागतो, तोच उछाल येथें कांहीं अंशीं गादीकडून आणि कांहीं अंशीं फळीच्या लवचिकपणाकडून मिळतो. म्हणून फळी सुमारें ३८ ते ४२ इंच लांब, मध्यें किंचित् वर उचललेली, पावलाच्या दाबाखालीं वाकून पुन्हां उसळणारी घेतात. आंस फळीच्या खालीं सरळ जोडले तर कलण्यास जोर मिळतो. फळीला भोंक पाडून आंस आरपार बसविले तर फळी जमिनीलगत येते व मन निर्धास्त राहतें. वळणें कोरावयाचीं तर पहिला प्रकार बरा. मात्र त्यांत चाक फळीच्या पोटाला घासून एकाएकीं अडूं शकतें, म्हणून मध्यें जाड पट्टी घालतात किंवा चाकाच्या वर फळीची कड खरवडतात. चाकें सत्तर मिलिमीटरच्या आसपास व्यासाचीं, कठीणपणाच्या मापावर ७८ ते ८० अंशांचीं, म्हणजे मऊच. एवढी जुळणी झाल्यावर ती बरोबर झाली किंवा नाहीं हें पाहण्याचा एक साधा उपाय असा : चाकें ओलीं करून सपाट कोरड्या सिमेंटवरून हळूहळू वळणें घेत जावें. उमटलेल्या रेघा अखंड व गोल असतील तर ठीक. कोठें त्या फिसकटल्या असतील तर चाक तेथें निसटलें आहे.

परंतु या नकलेंत एक फसगत आहे, आणि ती न सांगितल्यास हा लेख वाचून कोणी हात-पाय मोडून घेईल. बर्फावर कड रुतते तेव्हां ती बर्फ उडवीत जाते. वेगाचा कांहीं भाग त्यांत जिरतो, आणि अगदींच अंगावर आलें तर फळी आडवी करून थांबतां येतें. डांबरावर वळण कितीहि सुंदर घेतलें तरी गोळ्यांवर फिरणारें चाक वेग फारसा खर्च करीत नाहीं. केवळ पांच मीटर उंची उतरली तर, घर्षण सोडून दिल्यास, वेग ताशी सुमारें ३५ किलोमीटर होतो. तो आवरण्याचा नवशिक्याला उपलब्ध असलेला मार्ग एकच : वळण इतकें पुरें करावें कीं फळीचें तोंड उताराला आडवें, किंबहुना थोडें चढाकडे, व्हावें. त्यासाठीं रस्त्याची सगळी रुंदी लागते. समोरून जीप येत असेल तर ती रुंदी नसते. मर्लिनच्या आरशाची जागा अशा वेळीं काय घेतें, हें सांगावयास नको.

आपल्याकडे या फळीचा कोणी भाऊबंद आहे काय? माझ्या मतें आहे, आणि तो महाराष्ट्रांतल्या गल्लोगल्लींच्या पोरांना चांगला ठाऊक आहे. मोटारीच्या गॅरेजमधून टाकून दिलेल्या जुन्या बेअरिंग मागून आणावयाच्या, त्या लाकडाच्या आडव्या दांड्यांच्या टोकांना ठोकून बसवावयाच्या, वर फळी मारावयाची, आणि पुढचा दांडा एका बोल्टावर फिरता ठेवून त्याला दोरी बांधावयाची. झाली बेअरिंगची गाडी! एक बसतो, दुसरा ढकलतो, आणि लोखंडाच्या खडखडाटानें सगळी आळी जागी होते. हिच्यांतील यांत्रिक गंमत अशी कीं गोळ्यांच्या बाबतींत ती रिचर्डसनच्या पुढें आहे, पण वळणाच्या बाबतींत प्लिम्टनच्या मागें. ती कलल्यानें वळत नाहीं. दोरी ओढून किंवा पायानें दांडा रेटून वळवावी लागते. तिला रबराची गादी नाहीं आणि रस्ता धरणारें मऊ चाकहि नाहीं. तरी ती कोणाची नक्कल नव्हे. तिच्या मागें गेलेला हिंवाळा नाहीं कीं मेलेली लाट नाहीं. उतार होता, लोखंड फुकट मिळालें, आणि गाडी झाली.

साधनानें पर्यायाची पायरी सोडून स्वतंत्र व्हावें, याचें उदाहरण तर नाशिक जिल्ह्याच्या अगदीं जवळचें आहे. मल्लखांब हा नांवाप्रमाणेंच मल्लाचा खांब. जोडीदार नसतां ज्याच्याशीं झटावें असा लाकडी प्रतिस्पर्धी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं त्याला नवें रूप दिलें, आणि वणीच्या सप्तशृंगीपाशीं उपासना करीत असतां मारुतीनें त्यांस ती विद्या दाखविली अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूस ठेवली तरी पुढचें खरेंच : कुस्तीचा हा दुय्यम सराव पाहतां पाहतां स्वतःची विद्या होऊन बसला. आज मल्लखांब पाहतांना तेथें कोणी प्रतिस्पर्धी पैलवान कल्पीत नाहीं. २०२२ सालीं गुजरातेंत भरलेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत मल्लखांबाचा समावेश झाला, आणि त्याच स्पर्धांत चाकफळीचाहि झाला. पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिनें चाकफळीच्या एका प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. खांब आणि फळी एकाच मांडवांत आलीं. त्यांत कोणाला विसंगति वाटली असेल तर वाटो. मला तरी वाटली नाहीं.

आदिवासी मुलखाविषयीं बोलावयाचें तर मध्यप्रदेशांतील पन्ना जिल्ह्याचें जनवार हें खेडें सांगितलें पाहिजे. तेथें उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनीं २०१५ सालीं चाकफळीसाठीं सिमेंटचें मैदान बांधविलें. गोंड आणि यादव मुलें, जीं एरव्हीं एकमेकांत मिसळत नसत, तीं तेथें एकत्र खेळूं लागलीं. नियम दोनच होते : जो शाळेंत जाणार नाहीं त्याला फळी नाहीं, आणि मुलींचा मान पहिला. त्या गांवची आशा गोंड २०१८ सालीं चीनमधील नानजिंग येथें जागतिक स्पर्धेंत उतरली. जनवारच्या मुलांनीं लाट पाहिली नव्हती आणि बर्फहि पाहिलें नव्हतें. तीं कशाची नक्कल करीत होतीं, असें विचारल्यास उत्तर देतां येणार नाहीं.

हरसूलच्या परिसरानेंहि उताराचा उपयोग एकदां जगाला दाखविला आहे. जवळच्या सावरपाड्याची कविता राऊत याच डोंगरवाटांवर अनवाणी धांवत मोठी झाली. २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटरचें कांस्यपदक तिनें मिळविलें आणि त्याच वर्षीं ग्वांगझौ येथील आशियाई स्पर्धांत त्याच अंतराचें रौप्यपदक. लोक तिला सावरपाडा एक्सप्रेस म्हणूं लागले. तिला चढ-उतार कोणत्याहि दुसऱ्या ऋतूच्या बदल्यांत मिळाले नव्हते. ते दारांतच होते.

म्हणून हरसूलच्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं कधीं लाँगबोर्ड आला तर तो बर्फाची आठवण धरून जुळवूं नये, असें मला वाटतें. जें सूचीपत्रक त्याच्याबरोबर येईल तें कोलोराडोच्या गुळगुळीत रस्त्यावरील उन्हाळा डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेलें असेल. येथें खंडाचा काळ पावसाळा. आषाढ-श्रावणांत फळी घरीं उलटी टांगून ठेवावी, गोळ्यांना तेल द्यावें. पाऊस गेल्यावरहि लगेच रस्त्यावर उतरूं नये. चार महिन्यांच्या लोंढ्यानें वळणावळणांवर खडी व माती आणून टाकलेली असते आणि डांबर कांठांशीं उखडलेलें असतें. अशा रस्त्यासाठीं चाकें सत्तरपेक्षां मोठीं व पुष्कळ मऊ हवींत. फळी फार लवचिक नको, कारण खड्ड्यांत ती स्वतःच्या मनानें उसळते. गादी आपल्या वजनाला साजेशी, पण बर्फवाल्यापेक्षां एक पायरी कठीण. सांध्याचा कोन पन्नासाऐवजीं चव्वेचाळिसाकडे झुकलेला. वळणें त्यामुळें अधिक लांबट होतील आणि तीं शाळेच्या किंवा आश्रमशाळेच्या सिमेंटच्या अंगणांत मावणार नाहींत; म्हणून सरावासाठीं अंगणांत कोन वाढवावा आणि रस्त्यावर जातांना कमी करावा, बैठक बदलण्यास चार बोल्ट काढावे लागतात इतकेंच. शिरस्त्राण आणि हातमोजे घातल्यावांचून अंगणांतहि उभें राहूं नये. घाटरस्ता मात्र बसगाड्यांचा आणि भाजीच्या टेंपोंचा आहे. तेथें फळी नेऊं नये. पाड्यावर जाणारा, वाहनांची वर्दळ नसलेला, पायथ्याशीं पुन्हां थोडा चढणारा रस्ता शोधावा. तो चढ आवश्यक आहे. वळणें चुकलीं तरी फळी तेथें आपोआप थांबते.